चिरंजीवांचं डिस्कपुराण

श्टुटगार्ट

ती. आई-बाबांस,


फोनवर तुम्ही विचारलंत, "घरात कसला टकटक आवाज येतोय?" तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी पटकन विषय बदलला, म्हणून आता सविस्तर लिहिते. घरच्या फोटोंसाठी त्यांनी सर्व्हरमधून काढलेल्या चार जुन्या हार्ड डिस्क ऑनलाइन मागवल्या. प्रत्येकी 8 टीबी, आणि जाहिरातीत "कमी वापरलेल्या". आपल्याकडे "एकाच डॉक्टरने वापरलेली गाडी" म्हणतात ना, तसंच हे.

पहिली डिस्क फिरेचना. मी म्हटलं, करा परत. पण ती बिघडलेली नव्हतीच. काही सर्व्हरच्या डिस्कना वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की "गप्प बस" असा हुकूम समजतो, आणि आमचा पॉवर सप्लाय नेमका तिथे वीज देत होता. त्या पिनवर पिवळ्या कॅप्टॉन टेपचा चिमुकला तुकडा चिकटवला आणि बाईसाहेब फिरू लागल्या. दुसरीत सीआरसीच्या, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या, चुका वाढत होत्या. केबल बदलल्यावर थांबल्या. दोष केबलचा आणि बोलणी डिस्कने खाल्ली.

उरलेल्या दोघी मात्र खऱ्या नाठाळ. डिस्क स्वतःची रोजनिशी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. एकीत 61,000 तास, म्हणजे जवळजवळ सात वर्षं रात्रंदिवस राबलेली. ही "कमी वापरलेली"! दुसरीत वाचता न येणारे सेक्टर रांगेत उभे, शिवाय तो टकटकाट. तरी चिरंजीवांनी तिची बॅडब्लॉक्स तपासणी लावलीच. त्यात डिस्कभर चार वेगवेगळे साचे लिहून परत वाचायचे असतात. एवढ्या मोठ्या डिस्कला चार-पाच दिवस सहज लागतात. मध्ये रविवार आला. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकणंही चालत नाही, त्यामुळे खालच्या आजी वर आल्या. त्यांना बेसनाचे लाडू दिले.

बाबा, रोजनिशीही खोटी असू शकते हं. 2025 च्या सुरुवातीला इथल्या तंत्रज्ञान नियतकालिकांनी उघड केलं, की सीगेटच्या वापरलेल्या डिस्कचे तास शून्य करून त्या नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कमधल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत खरे तास राहिले होते, म्हणून चोरी पकडली गेली.

त्या दोन नाठाळ डिस्क परत करायच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी जर्मनमध्ये भांडणाची जय्यत तयारी केली. स्मार्टचे अहवाल छापले, समोरचा काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं, सगळं मला म्हणून दाखवलं. पण इथे दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. आणि सदोष निघाली तर जुन्या मालावरही हक्क सांगता येतो, टपालखर्च दुकानदाराचा. दुकानदाराच्या उत्तरात दोन ओळी आणि पार्सलचं लेबल आलं. पैसेही आले. इतकं तोंडपाठ केलेलं भांडण फुकट गेलं म्हणून ते दिवसभर घुम्यासारखे बसून होते.

दादांना सांगा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुणी स्वस्तात "नवी" डिस्क देऊ केली तर आधी दोन्ही नोंदींतले तास बघा, पावती घ्या आणि मगच पैसे मोजा. आणि लग्नाचे अल्बम माळ्यावरून काढून रद्दीवाल्याला मुळीच देऊ नका.

तुमची,
सूनबाई