डॉटमास्तर

"तुमचं नाव येत्या अमावास्येला संपतंय, मालक," असं सकाळच्या पारी सत्तरीतल्या माणसाला त्याच्याच ओसरीवर बसून सांगणारा, आणि वर चहात साखर कमी म्हणणारा इसम शिरूर अनंतपाळात एकच. मालकांचा हात छातीकडं जातो, सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावते, मग उलगडा होतो की संपतंय ते मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचं नाव. वर्षाच्या बोलीनं घेतलेलं, पैसे भरले की पुन्हा वर्षभर चालणारं. मास्तरांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशी-प्रदोषाच्या शेजारी निळ्या शाईत तालुक्यातल्या पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं आणि क्लासेसच्या नावांची मुदत लिहिलेली असते. ती ते तिथीनंच सांगतात. लोक तारीख विसरतात, अमावास्या विसरत नाहीत.

पूर्वी ते एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यायचे, म्हणून मास्तर. आता नावं सांभाळतात. तुम्ही वेबसाइटचं नाव टाकलं की ते कोणत्या यंत्राच्या आकडी पत्त्यावर न्यायचं हे सांगणारी डीएनएस नावाची व्यवस्था आहे; तिचा शिरूरपुरता कारभार त्यांच्याकडं. वेबसाइट दिसते कशी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. "रंगरंगोटी पोरं करतात. आपण माणूस दारात आणून सोडायचा."

'डॉट' मागाहून चिकटलं. नोंदी लिहिताना पूर्ण नावाच्या शेवटी एक ठिपका द्यावा लागतो. तो राहिला तर यंत्र नाव अर्धवट समजतं आणि त्याच्यामागं मूळ नाव पुन्हा एकदा जोडून टाकतं. एका दुकानाच्या नोंदीत हा ठिपका कुणीतरी गाळला आणि ऐन पेरणीत दुकानाची मेल बंद पडली. तेव्हापासून मास्तर ठिपक्याच्या बाबतीत सोवळं पाळतात. आमच्या गावाला खरं तर हे शिकवायला नको. नुसतं शिरूर म्हणून इथं कुणाचंच भागत नाही. पुण्याकडं घोडनदीचं शिरूर, बीडला शिरूर कासार, आणि आमच्याच जिल्ह्यात अहमदपूरच्या बाजूला शिरूर ताजबंद. फोनवर कुणी "शिरूरहून बोलतोय" म्हणालं की मास्तर विचारतात, "पुढं?" अनंतपाळ. "पुढं?" लातूर. "पुढं?" महाराष्ट्र. मग समोरचा दमला की स्वतःच गंभीरपणे म्हणतात, "ठिपका."

तालुक्यातल्या उजेड गावाचं मात्र त्यांना फार कौतुक. जुनी माणसं त्याला हिसामाबाद म्हणतात. "जुनं नाव मोडलं नाही, नव्याकडं वळवलं. जानेवारीत गांधीबाबाच्या यात्रेला कोणत्याबी नावानं निघा, एकाच मैदानात पोचताव. ह्याला म्हणतात नोंद!"

1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची ही व्यवस्था मांडली. त्याआधी सगळ्या नेटवर्कची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फेनलर यांच्या ऑफिसात असे, नवं यंत्र जोडलं की तिथं कळवायचं. मास्तर 'फेनलरबाई' असं ज्या सुरात म्हणतात, त्यावरून बाई मागच्याच महिन्यात तहसीलमधून बदलून गेल्यासारख्या वाटतात. 2014 साली देवनागरी 'डॉट भारत' आलं तेव्हा मास्तरांनी उत्साहानं एका किराणावाल्याला मराठी नाव घेऊन दिलं. यंत्राच्या पोटात अशा नावाचं एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढं इंग्रजी अक्षरांची खिचडी असं रूप होतं. ते पावतीवर पाहून शेटजी म्हणाले, "मास्तर, मी मराठी सांगितलं होतं, हे तुम्ही कानडीत आणलं."

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे 4 ऑक्टोबर 2021. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं गेलं. अख्खं गाव मोबाइल बंद करून चालू करत होतं, कुणी रिचार्ज मारत होतं. मास्तर चौकात उभे राहून एकेकाला समजावत होते : कंपनीची यंत्रं जागेवर आहेत, पण त्यांचा पत्ता सांगणारे नामसर्व्हरच जगाच्या नकाशावरून पुसले गेलेत. सुमारे सहा तास हे चाललं. "म्हणून म्हणतो, दोन नामसर्व्हर दोन ठिकाणी ठेवा. दोन्ही भाऊ एका जीपमधी बसवू नका." त्या रात्री पहिल्यांदा लोकांनी त्यांचं शेवटपर्यंत ऐकलं. करायला दुसरं काही नव्हतंच.

एरवी त्यांची घाई कुणी करू शकत नाही. प्रत्येक नोंदीला मुदत असते. ती 86,400 सेकंद ठेवली तर जग दिवसभर जुनंच उत्तर धरून बसतं. म्हणून यंत्र हलवायच्या आदल्या दिवशीच ती 300 वर आणायची. (गावानं एखाद्याबद्दल एकदा ऐकलेल्या गोष्टीला अशी मुदत असती तर किती जणांची लग्नं जमली असती!) आणि सगळ्यात खटकणारा त्यांचा गुण म्हणजे ते सरळ "असं नाव नाही" म्हणतात. आमच्याकडं पत्ता विचारला की माहीत नाही असं कुणी म्हणत नाही. पाहुण्याला नळेगावच्या रस्त्याला लावून देतील, पण नाही म्हणणार नाहीत. मास्तर नाही म्हणतात आणि पाहुणा त्यांनाच गर्विष्ठ समजतो.

या स्वभावाचा उपयोग अलीकडं स्थळं पाहायला होतो. 2008 साली डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिलं की डीएनएसमध्ये मधल्यामध्ये खोटं उत्तर घुसवता येतं. त्यावरचा इलाज सह्यांचा : प्रत्येक उत्तराखाली सही, त्या सहीला वरच्याची साक्ष, अशी थेट मुळापर्यंत, आणि मुळावरही 2010 साली सही झाली. मास्तरांना हे इतकं पटलंय की लग्नाच्या बैठकीतही ते सह्याच मागतात. परवा एका बैठकीत मुलाचे मामा म्हणाले, "पोरगं हिंजवडीत आहे, पॅकेज चांगलं आहे. मी सांगतो ना!"

"तुम्ही सांगायलाव. तुमचं कोण सांगतंय?"

मामांनी सरपंचांचं नाव घेतलं.

"आन सरपंचांचं?"

मामांनी सभापती काढले, मग साखर कारखान्याचे एक संचालक काढले. पोह्यांच्या बश्या गार झाल्या. शेवटी मामा घाम पुसत म्हणाले, "अहो पाव्हणं, वर पांडुरंग सांगतोय!"

मास्तरांनी वहीत टिपून घेतलं. "मूळ बरोबर आहे," म्हणाले, "मधल्या सह्या आणा."