कायमचे प्रभारी

सरकारी कार्यालयात जो सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो त्याची बढती सगळ्यांत शेवटी होते. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, साधा हिशेब असतो. हा हिशेब पाहायचा तर रायपूरला यावं. छत्तीसगढ राज्य २००० सालचं, मंत्रालय २०१२ साली नव्या रायपूरच्या महानदी भवनात गेलेलं, इमारती चकचकीत. आणि त्यांच्यात, शिवाय शहरातल्या जुन्या शाळा-कार्यालयांतही, एक गृहस्थ हमखास सापडतात. वय पन्नाशीच्या पुढे, केस मागे वळवलेले, शर्टाच्या खिशात निळं पेन स्वतःसाठी आणि हिरव्या शाईचं साहेबांसाठी, कारण साहेब आपलं घरी विसरतात. घर तात्यापाऱ्याच्या गल्लीत किंवा सुंदरनगरात, बोलणं घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि घाईत असले की दोन्हींच्या मधलं काहीतरी: ‘साहेब, आपण काळजी करू नका, नोटशीट मी चालवून देतो.’ दारावरच्या पाटीवर त्यांच्या हुद्द्याच्या आधी एक शब्द बारा-पंधरा वर्षं ठाण मांडून बसलेला असतो, ‘प्रभारी’. म्हणजे काम वरच्या खुर्चीचं, पगार खालच्या खुर्चीचा. खुर्चीवर बसायला मिळतं, तेवढ्यावर त्यांचा रक्तदाब बरा राहतो.

हिशेब असा. साहेबांच्या हाताखाली दोन माणसं आहेत. एकाला कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे, कोणत्या परिपत्रकाने कोणतं परिपत्रक रद्द झालं आणि विधानसभेच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी तीनपर्यंत कसं तयार होतं, हे सगळं ठाऊक आहे. दुसऱ्याला चहा कुठे चांगला मिळतो हे ठाऊक आहे. वर पाठवायचं कुणाला? पहिला गेला तर शाखा बसते. दुसरा गेला तर शाखेला मोकळा श्वास घेता येतो आणि त्याचा बोजा वरच्या मजल्यावर जातो. कोणताही शहाणा साहेब काय करील हे सांगायला नको. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली एक मिस्कील पुस्तक लिहिलं. माणूस चढत चढत अशा पायरीला पोचतो की जिथलं काम त्याला जमत नाही, आणि मग तिथेच राहतो, असं त्यांचं म्हणणं. मग जगातली कामं होतात तरी कशी? तर त्या पायरीला अजून न पोचलेल्या लोकांच्या जिवावर, हे उत्तरही त्यांनीच दिलेलं आहे. पीटर यांना रायपूर माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण आमचे प्रभारी त्यांनी नेमके हेरले होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पात्र तर प्रत्येकजण स्वतःला समजतो, डावललेला तर जरा जास्तच. आक्षेप खरा आहे. बढतीच्या यादीत नाव नसलेल्या माणसाला स्वतःचे गुण जेवढे स्पष्ट दिसतात तेवढे दिवाळीच्या बोनसाचे आकडेही दिसत नाहीत. पण प्रभारींच्या बाबतीत त्यांचं मत विचारण्याची गरजच नाही. सरकारनेच ते लेखी देऊन ठेवलेलं असतं. ज्या पदासाठी हा माणूस अजून योग्य ठरलेला नाही, त्याच पदाचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे सोपवलेलं आहे, तेही जावक क्रमांकासह. अयोग्य माणसाच्या हाती एवढी वर्षं शाळा किंवा शाखा दिली असेल तर देणाऱ्याची चौकशी व्हायला हवी. योग्य माणसाच्या हाती दिली असेल तर मधला तो शब्द पाटीवरून निघायला हवा. दोन्हींपैकी काहीच होत नाही, कारण ही व्यवस्था स्वस्त पडते. किती स्वस्त, ते केंद्राच्या मूलभूत नियमांतला ४९ वा नियम सांगतो: दुसऱ्या पदाच्या नेहमीच्या कामाचा नुसता चालू प्रभार असेल तर त्यासाठी जादा वेतन नाही, मग तो कितीही काळ चालो. ‘कितीही काळ’ हे ज्याने लिहिलं त्याला दूरदृष्टी होती, हे मान्य करावं लागेल.

दुसरा आक्षेप नियमांचा. बढती काही साहेबांच्या लहरीवर होत नाही, विभागीय पदोन्नती समिती बसते, छत्तीसगढचे २००३ चे पदोन्नती नियम आहेत, ज्येष्ठता यादी आहे, सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल आहे. अगदी बरोबर, आणि सी.आर. काय चीज आहे हे देवदत्त खटल्याने सगळ्या देशाला दाखवलं. सीमा रस्ते संघटनेतल्या या कार्यकारी अभियंत्याला वरच्या पदासाठी पाच वर्षं ‘अति उत्तम’ शेरा हवा होता. १९९३-९४ या एकाच वर्षी साहेबांनी ‘उत्तम’ लिहिलं, आणि त्या एका कौतुकाने बढती हुकली. त्यांना तो शेरा कळवलाही नव्हता. का कळवावा, उत्तम म्हणजे काही वाईट नाही! सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये सांगितलं की ज्या शेऱ्याने बढती अडते तो प्रतिकूलच, आणि प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तोवर देवदत्त निवृत्त झाले होते. तेव्हा समिती लहरीने वागत नाही, हे खरंच. ती कागदाप्रमाणे वागते, आणि कागद लिहिणारा तोच साहेब असतो ज्याची शाखा प्रभारींशिवाय बसणार असते. तो वाईट शेरा देत नाही, देऊच शकत नाही. तो ‘मेहनती, विश्वासू, सहकार्यशील’ असं लिहितो, आणि अशा तीन विशेषणांखाली माणूस कायमचा गाडला जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बढत्या कोर्टकज्ज्यात अडकतात, त्याला कोण काय करणार? शाळांचंच पाहा. छत्तीसगढमधल्या कितीतरी सरकारी शाळा वर्षानुवर्षं प्रभारी प्राचार्यांनी चालवल्या. ३० एप्रिल २०२५ ला अखेर प्राचार्यपदासाठी अठ्ठावीसशेहून अधिक जणांची पदोन्नती यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. काहींच्या घरी पेढ्यांचा डबा पुरता उघडलाही नसेल. जुलैत याचिका फेटाळल्या गेल्या खऱ्या. यात कुणा साहेबाचा हात नाही, खरे वाद आहेत, ते न्यायालयाने ऐकायलाच हवेत. पण स्थगिती यादीला असते, कामाला नसते. प्रभाराच्या त्या सगळ्या वर्षांत दहावी-बारावीच्या परीक्षा झाल्या, निकालाच्या बैठकीत झापून घ्यायला कुणीतरी उभं राहिलं. शिवाय बढतीला यादी लागते, प्रभाराला लागत नाही. तो कुणाला द्यायचा याला समिती नाही, शेरा नाही, कधी कधी ज्येष्ठताही नाही. म्हणजे न्यायालयात जे दार बंद होतं त्याच्या शेजारचं उघडं राहतं, आणि ते वापरणं सगळ्यांना सोयीचं जातं.

पैशाचं म्हणाल, तर तो प्रश्न सरकारने बराचसा सोडवला आहे. केंद्रात २००८ पासून दहा, वीस आणि तीस वर्षांनी बढतीविना वाढीव वेतन मिळतं, आणि छत्तीसगढमध्येही समयमान वेतनमान आहे. मग रडता कशाला, असं विचारणारे भेटतात. ज्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर नाव छापलं जायचंय आणि खाली हुद्दा काय लिहायचा यावर घरात तीन दिवस चर्चा चाललीय, त्यांना हे विचारू नये. चौबे कॉलनीतल्या, १९३५ पासूनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलेला जुना वर्गमित्र ‘झालं का?’ एवढंच विचारतो, आणि काय झालं का हे सांगावं लागत नाही. शिवाय परवा रुजू झालेला, वयाने धाकटा नवा साहेब येऊन बसतो तेव्हा त्याला काम शिकवतं कोण? प्रभारीच. मन लावून शिकवतात. तिसऱ्या महिन्यात तो त्यांनाच त्यांचा मसुदा दुरुस्त करून परत देतो.

इथे प्रभारींचीही बाजू पूर्ण निर्दोष नाही, हे सांगितलं पाहिजे. ते रजा घेत नाहीत. हाताखालच्याला कपाटाची किल्ली देतात, पण फाइलींचा क्रम सांगत नाहीत. ‘माझ्याशिवाय हलत नाही हो’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हणतात, पण म्हणताना चेहरा उजळलेला असतो. आपण अडकलोय याचं दुःख आणि आपल्यावाचून अडतं याचं सुख ही दोन्ही ते एकाच डब्यात दुपारी उघडतात. एखाद्याने धीर करून सुचवलं की आठ दिवस सुट्टी टाका, पचमढीला जा, बघू शाखेचं काय होतं, तर ते हादरतात. न जाणो, काहीच झालं नाही तर?

त्यामुळे निवृत्तीचा दिवस त्यांच्याहून कार्यालयाला जड जातो. शाल, श्रीफळ, भाषणं होतात. ‘यांची उणीव भासेल’ हे वाक्य अशा समारंभांत सहसा खोटं असतं, इथे ते भीतीने बोललेलं असतं. सोमवारी सकाळी साडेदहाला पहिला फोन येतो, मंगळवारी गाडीच येते, आणि महिन्याभरात त्यांच्या संविदा, म्हणजे कंत्राटी, नियुक्तीची नोटशीट चालते. ती कशी लिहायची हे कुणालाच येत नसल्यामुळे ते स्वतःच लिहून देतात, नियमाचा संदर्भ अचूक घालून. पद खालचंच, मानधन ठराविक, आणि कामाच्या रकान्यात शेवटी एक ओळ: याशिवाय, पुढील आदेशापर्यंत, शाखेचा प्रभार.