अडीच ते सहा

शाळा सुटते अडीचच्या सुमारास. आईची शिफ्ट संपते पाचला. बस बदलून घरी पोचेपर्यंत सहा. लॉस एंजेलिससारख्या अस्ताव्यस्त पसरलेल्या शहरात मधल्या साडेतीन तासांत मूल कुठे असतं, याचं उत्तर द्यायला कोणीच बांधील नव्हतं. तिथल्या शाळा महापालिकेच्या नाहीत. लॉस एंजेलिस युनिफाइड हा शालेय जिल्हा स्वतंत्र, त्याचं निवडून आलेलं मंडळ स्वतंत्र, तिजोरीही स्वतंत्र. महापौराला तिथे साधा शिक्षक नेमता येत नाही. शाळेची जबाबदारी घंटेबरोबर संपायची आणि शहराची सुरूच व्हायची नाही.

1973 पासून महापौर असलेल्या टॉम ब्रॅडली यांनी 1988 मध्ये यातून वाट काढली. त्यांनी शाळा मागितल्या नाहीत, शाळा सुटल्यानंतरचे तास मागितले. वर्ग आणि मैदान जिल्ह्याचं, पुढाकार महापौर कार्यालयाचा, जोडीला खासगी देणग्या. ‘एलएज बेस्ट’ हा कार्यक्रम दहा प्राथमिक शाळांत सुरू झाला. आज तो दोनशेच्या आसपास शाळांत चालतो आणि वस्ती निवडताना गरिबी आणि गुन्हेगारी पाहिली जाते. पुढे 2006 मध्ये अँटोनियो विलाराइगोसा या दुसऱ्या महापौरांनी शाळांच्या कारभारातच वाटा मागितला, तसा कायदा राज्य विधिमंडळातून मंजूरही करून घेतला. न्यायालयाने तो रद्द केला. ब्रॅडली यांनी मागितलेले तास मात्र अजून शहराकडे आहेत. सत्तेचा वाटा मागणाऱ्याशी भांडायला सगळे तयार असतात. जे काम कोणालाच नको आहे ते मागणाऱ्याला कोण अडवणार?

काम दिसायला साधं आहे. घंटा झाली की हजेरी, मग खाऊ. गृहपाठाला एक तास. त्यानंतर फुटबॉल, नाच, चित्रं, विज्ञानाचे प्रयोग. सहा वाजेपर्यंत फाटक बंद आणि मोठं माणूस आल्याशिवाय, त्याने वहीत सही केल्याशिवाय मूल बाहेर जात नाही. या सहीचं मोल ज्या आईने कामावरून तीनदा फोन करून ‘दार लावलंस ना?’ विचारलं आहे, तिला सांगावं लागत नाही. शाळेच्या दिवशी अल्पवयीन मुलांकडून होणारे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यावर लगेचच, दुपारी तीनच्या आसपास सर्वाधिक होतात, हे अमेरिकेत आकडेवारीने वारंवार दाखवलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी या कार्यक्रमातली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. 2007 च्या त्यांच्या अहवालानुसार, तशाच वस्तीतल्या इतर मुलांच्या तुलनेत ही मुलं पुढे गुन्ह्यात सापडण्याची शक्यता 30 टक्क्यांनी कमी होती. फरक दिसला तो नियमित येणाऱ्यांत. नाव घालून चार दिवस आलेल्यांत नाही.

तरीही या तासांना कायम एकच प्रश्न विचारला जातो: गुण किती वाढले? 2003 मध्ये देशभरातल्या अशा केंद्रांच्या पाहणीचा पहिला अहवाल आला. वाचन-गणितात फारशी प्रगती दिसली नाही. लगेच बुश सरकारने या केंद्रांसाठीचा केंद्र सरकारचा निधी 100 कोटी डॉलरवरून 60 कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा सिनेटच्या समितीपुढे या मुलांची बाजू मांडायला उभे राहिले अर्नोल्ड श्वार्झनेगर, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होण्याच्या काही महिने आधी. कपात झाली नाही. 2017 मध्ये ट्रम्प सरकारच्या अर्थसंकल्प प्रमुखांनी तोच मुद्दा पुन्हा काढला: शाळेत प्रगती होते याचा पुरावा कुठे आहे? काँग्रेसने पुन्हा ऐकलं नाही. जुलै 2025 मध्ये तर मंजूर झालेला पैसाच अडवून ठेवला गेला. ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो सुटला.

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. अग्निशमन केंद्राला आपण ‘वस्तीचं उत्पन्न किती वाढलं’ असं विचारत नाही. नऊ वर्षांचं मूल साडेतीन तास सुरक्षित राहिलं, पोटात काही गेलं, नाव घेऊन हाक मारणारं मोठं माणूस समोर होतं, हेच त्या तासांचं फळ आहे. गुण वाढले तर आनंदच. पण गुण वाढले नाहीत म्हणून फाटक बंद करायचं, हा हिशेब मुलांवर अन्याय करणारा आहे.

खरा हिशेब करायचाच तर पैशाचा करावा. नोव्हेंबर 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी श्वार्झनेगर यांनीच पुढे रेटलेला 49 क्रमांकाचा प्रस्ताव सुमारे 57 टक्के मतांनी मंजूर केला. राज्याचं उत्पन्न पुरेसं वाढल्यावरच तो लागू व्हायचा होता, म्हणून 2006 पासून दरवर्षी 55 कोटी डॉलर मिळू लागले. हा निधी कायद्यानेच राखीव होता, त्यामुळे सरकार बदललं तरी तो कोणी कापू शकलं नाही. ही मोठी गोष्ट. पण बरीच वर्षं तो वाढलाही नाही. दर मुलामागे दिवसाला साडेसात डॉलर, वीस मुलांमागे एक माणूस. म्हणजे वीस मुलांना दिवसाला दीडशे डॉलर, त्यातच खाऊ, साहित्य आणि पगार. 2006 मध्ये राज्यातलं किमान वेतन तासाला पावणेसात डॉलर होतं, 2017 मध्ये साडेदहा झालं. दर मात्र तोपर्यंत साडेसातच राहिला, आणि त्या वर्षी मिळाली ती वाढ एकोणसत्तर सेंटची. मुलं नियमित यायला हवीत असं संशोधन सांगतं. मग त्यांना सांभाळणारी माणसं नियमित टिकायला नकोत? अर्धवेळ काम, तुटपुंजा पगार, आणि दुसरीकडे दोन डॉलर जास्त मिळाले की ती मुलगी निघून जाते, जिला सगळी मुलं नावाने ओळखत होती. 2021 मध्ये राज्याने आणखी एक योजना आणली: बालवाडी ते सहावीच्या मुलांसाठी शाळा आणि नंतरचा वेळ मिळून दिवसाचे नऊ तास, आणि खर्च टप्प्याटप्प्याने वर्षाला 400 कोटी डॉलरपर्यंत. बऱ्याच उशिरा, पण योग्य दिशेने.

हे वाचताना मुंबई डोळ्यांसमोर येतेच. ब्रॅडलींना ज्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं, ते इथे एकाच छताखाली आहे. शाळा पालिकेची, मैदान पालिकेचं, बाग पालिकेची, दवाखाना पालिकेचा. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. त्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, हमालांची, नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुरांची मुलं शिकतात. अनेक इमारतींत दोन सत्रं भरतात, दुपारी वर्ग रिकामे नसतात, ही अडचण खरी आहे. पण सकाळच्या सत्रातलं मूल दुपारी एकदा रस्त्यावर आलं की आई संध्याकाळी परतेपर्यंत ते कोणाचं? शिकवणीला पाठवायची ऐपत असती तर हा प्रश्नच आला नसता. संस्थांची काही चांगली माणसं वस्त्यांत हे काम करतात, पण त्यांचा निधी तीन वर्षांनी संपतो आणि केंद्राला कुलूप लागतं.

प्रत्येक वॉर्डात निदान एक जागा घ्या. वर्ग नसेल तर समाजमंदिर घ्या, पालिकेचं सभागृह घ्या. खाऊ द्या, सांभाळणाऱ्या माणसाला जगता येईल इतका पगार द्या आणि रोज हजेरी ठेवा. फेब्रुवारीत अंदाजपत्रक येईल तेव्हा आपल्या नगरसेवकाला विचारा, यासाठी स्वतंत्र तरतूद किती आहे. आणि ती प्रायोगिक आहे की कायमची, हेही विचारा.