टायरभाऊ

मार्वेच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत मी स्कूटरवर बसलो होतो. मागच्या चाकापाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. हवा काढतोय की काय, म्हणून ओरडणार तेवढ्यात खालून आवाज आला, "२३१९. एकोणीस सालचा तेविसावा आठवडा. ऐन मृगातला आहे रे तुझा टायर! बदल आता."

टायरभाऊच. दुसरं कोण असणार?

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण जेट्टीवर गुडघे टेकून ते वाचणारा हा एकच. बरं, तारखेवर थांबेल तर शपथ, नक्षत्रही सांगतो. भाचीच्या लग्नात हा नवरदेवाच्या गाडीपुढे वाकला, तेव्हा वरपक्षाला वाटलं, काय ही मुलीकडच्यांची नम्रता! एका मयताला शववाहिनीच्या चाकाशीही तसाच वाकला. लोक गहिवरले. उठून माझ्या कानात म्हणाला, "४४१२. स्वाती. खरं तर गाडीनं आधी जायला हवं होतं."

ह्या सगळ्याचं मूळ ऑटोक्रॉसमध्ये. मोकळ्या जागेत कोन मांडायचे, एकेका गाडीनं त्यांतून वळणं घेत घड्याळाशी शर्यत लावायची, कोनाला धक्का लागला की सेकंदांचा दंड. घरची रोजची गाडीही चालते. ह्याची स्विफ्ट होतीच. अडलं ते टायरवर, आणि तीन वर्षं अडलं. १८५/६५ आर १५ हे माप त्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या शर्टाचं मापही मी तेच सांगेन. मग ट्रेडवेअर. हा आकडा मोठा तर टायर टिकाऊ, लहान तर मऊ आणि चिकट. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटात तो २०० च्या खाली चालत नाही, म्हणून ह्याला नेमका २०० चाच हवा.

गंमत म्हणजे दुसऱ्यांना हाच माणूस सोळा आणे सल्ला देतो. "पहिल्या वर्षी आहेत तेच टायर ठेव. साधा टायर आधी किंचाळतो, मग सुटतो. तुझी चूक तुला ऐकू येते. मऊ टायर चुका पोटात घालतो. साइडवॉलच्या कडेला खडूच्या रेघा मार, फेरी मारून ये, आणि रेघ किती पुसली ते बघ. खूप खाली पुसली तर हवा कमी." मग तू का नाही तसं करत, असं विचारलं की म्हणतो, "माझी गोष्ट वेगळी आहे."

अखेर टायर आले. आमच्या मनोरीला चारचाकी आणायची तर भाईंदर-उत्तनचा वळसा. फेरीबोटीत तेव्हा फक्त दुचाक्या चढत. एवढे महागाचे टायर त्या वळशात झिजवायचे? छे! रिमसकट एकेक पंधरा किलोंच्या घरातला. बोटीच्या दोन खेपांत दोन-दोन करून आणले. कोळणींनी पाट्या सरकवून जागा दिली. एकीनं विचारलंसुद्धा, "भाऊ, कसं दिलं?"

नवी मुंबईतल्या त्या शर्यतीला मीही गेलो होतो, जॅक धरायला. पहाटे पोचलो, तर समोर मातीचं मैदान, वर टँकरनं पाणी मारलेलं! अमेरिकेत ऑटोक्रॉस डांबरावर होतं, इंग्लंडात गवता-मातीवर, आणि आपल्याकडे बऱ्याचदा मातीवरच. तीन वर्षांत ह्यानं सगळं वाचलं होतं, तेवढं एक सोडून. त्या मऊ, उथळ नक्षीच्या टायरांत दोन वळणांत चिखल भरला असता आणि त्यांचे गुळगुळीत मेदुवडे झाले असते. टायरभाऊ काही बोलला नाही. नवे टायर बाजूलाच ठेवले आणि जुन्यांवर धावला. दोन कोन उडवले, शेवटून तिसरा आला. गाडीतून उतरला तेव्हा हेल्मेटखालचा चेहरा दहावीला पास झालेल्या पोरासारखा होता.

पावसाळ्याआधी तो हवेचा मीटर घेऊन आळीतल्या सगळ्या गाड्या तपासत फिरतो, कुणी बोलावलेलं नसताना. माझ्या मुलीच्या स्कूटरच्या टायरला आलेला फुगा त्यालाच दिसला होता. उत्तनच्या उतारावर तो फुटला असता तर, हे मी त्याच्यापाशी कधी काढलं नाही. उगाच शेफारेल.

डांबरावरच्या शर्यतीसाठी ते चार टायर त्यानं माळ्यावर चादर घालून ठेवले होते. ती शर्यत ह्याच्या वाट्याला आलीच नाही. कधी सुट्टी नाही, कधी पैसे नाहीत, मग गुडघा. रबर मात्र पडून पडूनही कडक होतं, हे त्यानंच आम्हाला शंभरदा सांगितलेलं.

परवा मनोरीच्या जेट्टीवर उतरलो. बोटीला धक्का बसू नये म्हणून कडेला जुने टायर बांधलेले असतात, त्यांत एक नवाकोरा दिसला. रबरी केसही झडले नव्हते. मागून लोक ढकलत होते. मी उकिडवा बसलो.

४०२१. हस्त.