आद्याक्षराची जप्ती

संगणकाच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती रुजू झाल्यापासून आमच्या कळफलकास एक विलक्षण व्याधी जडली. ती अशी की, मजकुराच्या ओघात एकही अक्षर न गाळणारे ते यंत्र, लेखक शब्दासाठी क्षणभर थांबला की पुढच्या शब्दाचे आद्याक्षर परस्पर जप्त करी. आणि इन्स्क्रिप्टमध्ये काना-वेलांटीसही स्वतंत्र कळ असल्यामुळे ‘निबंध’ लिहावा, तर पडद्यावर पोरकी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला बिलगून बसलेली दिसे. तज्ज्ञ येत, भरधाव टंकन करीत आणि ‘दोष आढळत नाही’ असा शेरा मारून जात. थांबून विचार करण्याची सवयच नसल्यावर तो आढळावा तरी कसा! अखेर तपासात निघाले ते असे, की वीजबचतीच्या नव्या फर्मानाने यूएसबी उपकरणे निष्क्रिय दिसताच निजवली जात, लिनक्समध्ये त्यासाठीची मूळ मुदत अवघी 2 सेकंदांची असते, आणि पहिली कळ त्या निद्रिस्ताला जागे करण्यातच खर्ची पडे. (म्हणजे याहून अधिक विचार करणारा लेखक यंत्राच्या दप्तरी निष्क्रिय इसम!) कळफलकापुरते ते फर्मान आता रद्द केले आहे. मात्र त्या पंधरवड्यात माझे अभिप्राय ज्या ग्रंथकारांच्या हाती पडले, आणि ज्यांनी त्यांत स्वतःविषयी ‘गण्य’ हे विशेषण वाचले, त्यांनी कृपया आरंभी एक ‘न’ लावून घ्यावा.