सडपातळ इंटरनेटवाले भाऊ

तुमसरला, धानाच्या बाजारपेठेत, भाऊंचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, आणि ऑनलाइन या प्रकाराचा भाऊंना मनस्वी तिटकारा आहे.

"दोन ओळी वाचाच्या, अन् त्याच्यासाठी कुकी मंजूर करा, व्हिडिओ बंद करा, जाहिरात हटवा! काऊन जी?"

त्यावर भाऊंचा उतारा एकच, जेमिनी. सॉल्डरपंक या टोपणनावाच्या गृहस्थाने २०१९ मध्ये सुरू केलेला हा प्रोटोकॉल. नाव नासाच्या यानांचं. माणसांना घेऊन पहिलं जेमिनी १९६५ मध्ये उडालं, म्हणून पोर्टही १९६५. पानात नुसता मजकूर, प्रत्येक दुवा वेगळ्या ओळीत. कुकी नाही, जावास्क्रिप्ट नाही. "पंगतीत मागन त्यालेच वाढाचं," भाऊ समजावतात.

गोफरचा विषय मात्र काढू नये. मिनेसोटा विद्यापीठात १९९१ मध्ये जन्मलेला हा प्रोटोकॉल ऐन भरात होता. १९९३ मध्ये विद्यापीठाने सर्व्हरसाठी पैसे मागायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेब सगळ्यांना फुकट खुलं केलं. "गोफर मेला नाई जी, त्याले मारला!" हे भाऊ अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याने घरी जाऊन अंघोळ करावी.

जेमिनीवर भाऊ वैनगंगेच्या पाण्यावर आणि धानाच्या भावावर लिहितात. वाचायला अजून जिल्ह्यातलं कोणी फिरकलेलं नाही.

हंगामात धानविक्रीच्या नोंदणीला रांग लागते. एकदा मोहाडीकडच्या एका काकाजींनी सातबारा पुढे करून विचारलं, "भाऊ, हे तुमच्या जेमिनीवर नाई होत का?"

भाऊंनी क्रोमची सहावी खिडकी उघडली. "ओटीपी सांगा."

होत नाही, हेच खरं. जेमिनीवर वाचकाला जे कळवायचं ते पत्त्यातच बसवावं लागतं, आणि पत्त्याची मर्यादा १०२४ बाइट. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ बाइट खातं. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळवण्यात येते की' एवढ्यातच जवळजवळ अर्धी जागा संपते. सातबारा चढवायचा तर टायटन नावाचा वेगळा प्रोटोकॉल जोडीला लागतो.

तेव्हा वेब काही जात नाही. पण नुसता धानाचा भाव पाहायला एवढा पसारा कशाला, या प्रश्नावर भाऊंना अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, माझ्याकडेही नाही.