चवीपुरतं ज्ञान

माझ्या पाककौशल्याची ख्याती आमच्या नातेवाइकांत बरीच आहे. ती मीच पसरवली आहे. लग्नाआधी परगावी खोली करून राहत असताना मी हाताने करून खात होतो, हे मी प्रत्येक सणाच्या पंगतीत सांगतो. त्या काळात मी मुख्यतः शिकरण-पोळी खाल्ली आणि त्यातली पोळी समोरच्या मावशींकडून येत असे, हा तपशील कंटाळवाणा म्हणून गाळतो.

यंदा या ख्यातीची वसुली झाली. पुतणीची बारावी संपली, हॉस्टेलला जायची चिन्हं दिसू लागली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिला चार पदार्थ तुम्हीच शिकवा. माझं ती ऐकत नाही." हे कळताच ताईने दहावी झालेल्या भाच्यालाही पाठवून दिलं. "मुलगा असला म्हणून काय झालं? पोट त्यालाही आहे." अशा रीतीने मी एकीचा काका आणि एकाचा मामा होऊन ओट्यापाशी उभा राहिलो. बायको हॉलमध्ये बसली. आपण मध्ये एक अक्षर बोलणार नाही, असं तिने जाहीर केलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिला धडा आमटी-भाताचा. मी फोडणीवर बोलायला सुरुवात केली. आधी तेल तापू द्यायचं, मग मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद, कारण ती चटकन जळते.

"तेल तापलं हे कसं कळतं?" पुतणी.

"कळतं."

"आणि मीठ किती?"

"चवीपुरतं."

"कोणाच्या?"

या प्रश्नावर आमच्या घरात लग्नापासून वाद चालू आहे, त्यामुळे मी तो टाळला. तिने सरळ कपाटातून 'रुचिरा' काढली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं, तेव्हापासून नवशिक्यांच्या पिढ्या त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर तरल्या आहेत. आमच्या प्रतीची शिवण गेली आहे आणि पानांवर हळदीची बोटं आहेत. ती चाळून पुतणी म्हणाली, "काका, यात सगळं मापासकट लिहिलंय. मग तुम्ही कशाला?"

उत्तरादाखल मी कुकर लावला. एका डब्यात तांदूळ, दुसऱ्यात तूरडाळ. वेळ वाचावा म्हणून डाळीत चिंचेचा कोळही आधीच घालून टाकला. शिट्ट्या मोजायचं काम भाच्याकडे दिलं. दाब वाढला की आतलं पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते, हे त्याने मला समजावून सांगितलं. सांगता सांगता "तीन!" असं ओरडून गॅसही बंद केला. दुपारचे साडेअकरा, इमारतीत मजल्यागणिक कुकर चढलेले. झाकण उघडलं तर डाळ जशी आत गेली होती तशीच, फक्त ओली. भाच्याला कुकरच्या आतलं सगळं माहीत होतं, शिट्टी कोणाच्या कुकरची तेवढं कळलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः कुकरला कान लावून उभा राहिलो. भात पेज व्हायच्या बेताला आला, डाळ मात्र ताठच. हॉलमधून आवाज आला, "चिंच आधी घातलीत का? आंबटात डाळ शिजत नाही." पुतणीने लगेच पुस्ती जोडली, की डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर सुटत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं तर कोणी आधी का बोललं नाही? मी कोणाला बोलू दिलं नव्हतं म्हणून.

नवी डाळ लावली, ती शिजली. तोवर माझ्यातल्या शिक्षकाचा धीर संपला होता. पुतणीने चमचा उचलला की मी "दे इकडे". भाच्याने डाळ घोटायला रवी घेतली की "तशी नाही, बघ". दोघं हात बांधून उभी आणि मी एकटा घामाघूम. हळद कधी घालावी यावर बोलता बोलता ती घातली आणि बोलतच राहिलो. घरभर धूर झाला.

"अहो, बाहेर या. कोणीतरी आलंय."

कोणीच आलं नव्हतं. बायकोने दाराला कडी घातली आणि मला खुर्चीत बसवलं. स्वयंपाकघरातून मोहरीचा तडतडाट आला, मग कुजबूज, मग भाच्याचा आवाज: "खारट झालीये." मी उठलो, बायकोने खाली बसवलं. आत वाटाघाटी झाल्या. पाणी वाढवलं गेलं, गूळ पडला, कोणीतरी चाखलं, पुन्हा उकळी आली. आमटी ताटात पडली तेव्हा चांगली लागत होती, आणि माझं मत कोणी विचारलं नाही.

अंदाज सांगून देता येत नाही. खारट झालेली आमटी आपल्या हाताने निस्तरली की मीठ समजतं. मुलांना लागतं ते बिघडवायचं स्वातंत्र्य, आणि नेमकं तेच मी सगळं स्वतः बिघडवून त्यांच्याकडून हिसकावत होतो.

पुढे दोघं माझ्या गैरहजेरीत पोहे, पिठलं, भाकरीपर्यंत पोचली. मग हॉस्टेलची नियमावली आली: खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई. पुतणी आता मेसमध्ये जेवते आणि तिथल्या आमटीत काय चुकलं ते फोनवर नेमकं सांगते. भाचा घरी जोरात आहे. परवा ताईचा फोन आला, "पिठलं छान केलं त्याने. पण ओटा? कढई? ते शिकवलं नाहीस का?"

मी म्हटलं, त्या विषयाला शिक्षक बाहेरून बोलवावा लागेल. आमच्या घरात त्यातलं जाणणारं एकच माणूस आहे, आणि ती म्हणते तिने मध्ये न बोलायचं ठरवलंय.